जुन्या रॉकवेल टेस्टरचा आकडा खरा कधी मानायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुऱ्या बनवणाऱ्या एका हौशी कारागिराने वापरलेला, हाताच्या दांडीचा बेंच रॉकवेल टेस्टर, म्हणजे पोलादाचा कडकपणा मोजणारं यंत्र, घेतला. सोबत पोलादात रुतणारा हिऱ्याच्या टोकाचा एक इंडेंटर, पातं टेकवायची एक मोठी सपाट ऐरण आणि वजनं आली. टेस्ट ब्लॉक, म्हणजे यंत्र पडताळायचा ठरलेल्या कडकपणाचा पोलादी तुकडा, आला नाही. १०८४ या साध्या कार्बन पोलादाच्या एकाच पात्यावर त्याला ५४ पासून ६१ पर्यंत आकडे मिळताहेत. यंत्र बाद आहे, की पाणी देण्यात, म्हणजे पातं तापवून तेलात बुडवून कडक करण्यात, चूक होतेय? आणि या आकड्यांवरून टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून नंतर दिलेला मंद ताव, बदलावं का?

टेम्परिंगला इतक्यात हात लावू नका. सात पॉइंटांचा फरक पोलादात असू शकतो, यंत्रात असू शकतो आणि पातं ऐरणीवर कसं ठेवलंय त्यातही असू शकतो. माझा अनुभव असा की घोळ बहुतेक वेळा तिसऱ्या ठिकाणी निघतो आणि माणूस शिव्या घालतो पोलादाला. मीही घातल्या आहेत.

माझा टेस्टरही वापरलेलाच होता. आणल्या दिवशी वरवर पुसला, टेबलावर ठेवला आणि उत्साहाच्या भरात हाताशी होती नव्हती ती सगळी पाती त्याच्याखाली घातली. ५६, ५७, ५६. दोनशे अंश सेल्सिअसला टेम्पर केलेल्या १०८४ कडून मला साठ-एकसष्टची अपेक्षा होती. आपलंच पाणी कमी पडतंय असं मी धरून चाललो आणि टेम्परिंग १७५ अंशांवर आणलं. आकडा ५८-५९ झाला, मी खूश. पुढच्या महिन्याभरात दोन सुऱ्या परत आल्या. एकीच्या धारेचा नखाच्या कोरीएवढा टवका उडाला होता, दुसरीच्या धारेला भिंगाखाली करवतीसारखे दाते दिसत होते. तरी मी दोष देत होतो धारेच्या कोनाला.

शेवटी एकदा ऐरण उपसून काढली. तिचा खांदा जिथे टेकतो त्या बैठकीवर धातूचा एक चपटा किस चिकटलेला होता. डोळ्याला दिसला नव्हता, नख फिरवल्यावर लागला. बैठक पुसून ऐरण परत बसवली आणि पहिली पाती साठ-एकसष्ट दाखवायला लागली. १७५ ला टेम्पर केलेली ६३ च्या आसपास गेली. म्हणजे आधीचं काम ठीकच होतं आणि ‘सुधारलेली’ पाती मी माझ्या हाताने ठिसूळ करून ठेवली होती.

एवढ्याशा किसाने चार पॉइंट कसे खाल्ले, ते समजलं की या यंत्राचं अर्धं गणित सुटतं. रॉकवेल टेस्टर मोजतो ती खोली. १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू, त्याच्या टोकाची गोलाई ०.२ मिमी त्रिज्येची. आधी दहा किलोचा प्राथमिक भार येतो आणि तिथे शून्य धरलं जातं. मग एकूण भार दीडशे किलोवर जातो. तो जादाचा भार काढून परत दहावर आल्यावर शंकू शून्यापासून किती खाली राहिला, ते डायल सांगतं. सी स्केलवर प्रत्येक ०.००२ मिमी खोलीला एक पॉइंट, आणि शंभरातून तेवढे वजा. ६० एचआरसी (म्हणजे सी स्केलवर ६०) म्हणजे चाळीस पॉइंटांची खोली, ०.०८ मिमी. माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. त्या एका केसाच्या जाडीत पंचवीस ते पन्नास पॉइंट मावतात! दहा किलोवर शून्य धरलं आणि दीडशे किलोखाली ऐरण आठ मायक्रॉन बसली, तर यंत्राच्या दृष्टीने तुमचं पातं चार पॉइंट मऊ झालं. यंत्राला दोन्हींतला फरक कळायची काही सोय नाही.

ही पद्धत निघाली तीच मुळी कारखान्याच्या घाईसाठी. ह्यू रॉकवेल आणि स्टॅन्ली रॉकवेल हे दोघं अमेरिकेत कनेटिकटमधल्या बॉल बेअरिंगच्या कारखान्यात होते. पाणी दिलेल्या बेअरिंगच्या कड्या झटपट तपासायला त्यांना काहीतरी हवं होतं. १९१४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९१९ मध्ये ते मिळालं. भिंगातून खळगी मोजत बसायला नको, सरळ डायल वाचा. वेग मिळाला तो या सोयीमुळे, आणि वर सांगितलेली मेखही तिच्यातच आहे: पात्याच्या खाली, ऐरणीखाली, स्क्रूमध्ये, इंडेंटरच्या बैठकीत जे काही दबेल ते सगळं आकड्यात मिसळतं.

म्हणून सुरुवात साफसफाईपासून. ऐरण काढा. तिची दांडी, खांदा, स्क्रूच्या डोक्यावरची बैठक हे सगळं स्पिरिटने पुसा आणि नखाने चाचपून बघा. बर, म्हणजे धातूची उठलेली कोर, असेल तर बारीक तेलदगडाने नुसता वरचा उंचवटा काढा, पृष्ठभाग घासून खाऊ नका. इंडेंटरही काढा, त्याची बैठक तशीच पुसा. परत बसवल्यावर पहिले दोन आकडे वाचायचेच नाहीत, ते बैठक बसण्यासाठी गेले असं समजायचं. इंडेंटर किंवा ऐरण बदलली की दर वेळी हे करायचं.

ऐरण हातात आहे तोवर तिचा वरचा भाग उजेडात तिरका धरून बघा. मधोमध गोल खळगी दिसली तर कुणीतरी कधीतरी पातं न ठेवताच इंडेंटर ऐरणीवर दाबला होता. दोन निष्कर्ष निघतात. त्या खळगीवर आलेल्या पात्याला खालून आधार नाही, म्हणून ऐरण बदलायची किंवा व्यवस्थित ग्राइंड करून घ्यायची. आणि हिऱ्यावर संशय घ्यायचा.

वापरलेल्या टेस्टरमध्ये हिरा ही खरी जुगाराची वस्तू. दहा-वीस पट भिंगाखाली इंडेंटर हळूहळू फिरवत बघा. टोक सगळीकडून सारखं गुळगुळीत दिसलं पाहिजे. फिरवताना एखाद्या बाजूला अचानक चकाकी मारली तर तिथे टवका उडालाय. दुसरी खूण खळगीत दिसते: चांगल्या हिऱ्याची खळगी स्वच्छ गोल, टवका उडालेल्याची एका बाजूला चावल्यासारखी. हिरा बहुधा अशा वेळी फुटतो की भार अजून वर आहे आणि माणूस पातं सरकवतो, किंवा चाक फिरवताना लक्ष नसतं आणि ऐरण धाडकन वर येऊन आदळते. तुमच्याकडे एकच इंडेंटर आहे, त्यामुळे यंत्र हलवताना तो काढून डबीत ठेवायची सवय लावा.

यंत्र ठेवायचं कुठे, याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. बहुतेक बेंच मॉडेलांचा वरखाली होणारा स्क्रू पूर्ण खाली आला की बुडाच्या खाली उतरतो. टेबलाला भोक लागतं. भोक नसेल तर स्क्रू टेबलावर टेकतो आणि यंत्र एका बाजूने उचललं जातं. मी एका ठिकाणी असा टेस्टर तीन लाकडी ठोकळ्यांवर डुगडुगत ठेवलेला पाहिला आहे आणि मालक म्हणत होता, आकडे फिरतात. टेबल जड हवं, ऐरणीवर लेव्हल ठेवून दोन्ही दिशांनी बुडबुडा मध्ये आणायचा. आत तरफ बारीक धारेच्या टेकूवर तोललेली असते आणि वजनं टांगलेली असतात, यंत्र तिरकं असलं की ती मोकळी लटकत नाहीत. बेल्ट ग्राइंडर किंवा पॉवर हॅमर असलेल्या टेबलावर टेस्टर ठेवू नका. एक तर कंप, आणि त्याहून वाईट म्हणजे ती काळी धूळ, जी बरोबर ऐरणीच्या बैठकीत जाऊन बसते. वर झाकण हवंच.

मागचं झाकण काढून वजनं बघा. ६०, १०० आणि १५० किलोचे भार वेगवेगळ्या वजनांनी मिळतात आणि तुम्हाला १५० हवा. वजनं त्या त्या यंत्राच्या तरफेच्या हिशोबाने केलेली असतात. एखादं हरवलं असेल तर दुसऱ्या मेकच्या यंत्राचं तशाच दिसण्याचं वजन चालत नाही. वाहतुकीसाठी बांधलेली सुतळी किंवा लाकडाचा तुकडा आत राहिला नाही ना, हेही बघा. हसू नका, राहतो.

त्यानंतर डॅशपॉट. दांडी सोडल्यावर भार धप्पकन न येता सावकाश यावा म्हणून तेलाचा तो छोटा सिलिंडर असतो. जुन्या यंत्रात तेल गळून गेलेलं असतं किंवा चिकट राळ झालेलं असतं. दांडी सोडल्यापासून डायलचा काटा थांबेपर्यंत साधारण चार-पाच सेकंद लागले पाहिजेत. एका दमात खाली गेला तर भार धक्क्याने बसतोय, शंकू हवा त्यापेक्षा खोल जातो आणि आकडा कमी येतो. तेल बदलून, झडपेचा स्क्रू फिरवून वेळ जुळवता येते. दुसरा कोणताही स्क्रू मात्र ब्लॉक हातात येईपर्यंत फिरवू नका.

आता ब्लॉक. तुमच्याकडे तो नाही, आणि तो येईपर्यंत तुमच्या यंत्राला फक्त मतं आहेत. प्रमाणपत्र असलेले दोन घ्या: एक साठच्या वरचा, एक पंचवीस-तीसच्या घरातला. एकच परवडत असेल तर साठीवाला, कारण तुमचं काम तिथे चालतं. ब्लॉकचा वरचा, खूण केलेला भागच प्रमाणित असतो. तो भरला म्हणून उलटा करून वापरायचा नाही, कारण वरच्या खळग्यांच्या उठलेल्या कडा मग ऐरणीवर टेकतात. पॉलिश पेपर मारून ‘नवा’ करायचा नाही, तसं केलं की त्यावरचा आकडा त्या पृष्ठभागाचा राहत नाही. आणि पात्यांच्या ढिगात तो टाकून ठेवायचा नाही. माझा जुन्या मोज्यात असतो.

साठीच्या ब्लॉकवर पाच खळग्या पाडा, एकमेकींपासून तीन मिलिमीटर अंतर ठेवून. पाचांची सरासरी काढायची घाई नको, आधी त्यांचा पसारा बघा. समजा ब्लॉकवर ६२.३ लिहिलंय आणि तुम्हाला ६१.०, ६१.२, ६०.९, ६१.१, ६१.० मिळाले. हे यंत्र मला आवडेल. ते सव्वा पॉइंट कमी सांगतं, पण दर वेळी तेवढंच. वहीत तसं लिहून ठेवा आणि साठीच्या आसपास सव्वा पॉइंट मिळवत जा. उलट ६३.५, ६०, ६२, ६१, ६४ असं आलं तर सरासरी ६२.१, कागदावर झकास! हे यंत्र मात्र तुम्हाला फसवणार. काहीतरी ढिलं आहे: बैठक, इंडेंटरचा स्क्रू, डायलचा अडकणारा काटा, किंवा तुमचा हात.

दोन्ही ब्लॉक असले की निदान सोपं होतं. फक्त साठीचा चुकतोय आणि तिशीचा बरोबर, तर संशय हिऱ्याच्या टोकावर. कडक पोलादात शंकू उथळ जातो, त्यामुळे टोकाच्या गोलाईचा वाटा मोठा असतो. झिजून बोथट झालेलं टोक तिथे आकडा वाढवून दाखवतं. तिशीचा जास्त चुकतोय तर भार किंवा तरफ बघा, कारण मऊ पोलादात खोली जवळपास दुप्पट असते आणि भारातली चूक तिथे मोठी होऊन दिसते. दोन्ही सारखेच कमी येत असतील तर परत ऐरण उपसा आणि नख फिरवा.

यंत्र ब्लॉकवर सरळ बोलायला लागलं की पात्याकडे वळू. ब्लॉक जाड, सपाट, घासलेला आणि समांतर असतो. पात्यात यातलं काहीच धड नसतं.

जाडीचा नियम साधा आहे: शंकूच्या खोलीच्या किमान दहापट जाडी खाली हवी. ६० एचआरसीला खोली ०.०८ मिमी, म्हणजे ०.८ मिमी. मी दीड मिलिमीटरच्या खाली सी स्केल वापरत नाही. पातळ पात्यांसाठी त्याच यंत्रावर, त्याच हिऱ्याने, वजन बदलून साठ किलोचं ए स्केल वापरता येतं. ६० एचआरसी म्हणजे तिथे साधारण ८१, खोली ०.०४ च्या आत, आणि ०.४ मिमी जाडीलाही चालतं. तोटा असा की सीचा एक पॉइंट म्हणजे एचा जेमतेम अर्धा, तेव्हा बारकावा हरवतो. धार लावलेल्या कडेवर तर कुठलंच स्केल चालत नाही. तिथे ४० ते ६५ पर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने येणाऱ्या कडकपणाच्या कानशींचा संचच उपयोगी.

धारेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या उतारावर टेस्ट घेऊ नका. पृष्ठभाग इंडेंटरला काटकोनात हवा, दोन अंशांपलीकडे कलला की आकडा घसरायला लागतो. घासून उतार काढलेलं पातं ऐरणीवर ठेवलं की ते एका कडेवर टेकतं, भार आल्यावर डुलतं, आणि तुम्हाला ५४ दिसतो. तुमच्या ५४ पैकी काही इथलेच असणार असा माझा अंदाज आहे. टेस्ट उतार काढण्याआधी घ्या किंवा मुठीलगतच्या सपाट भागावर. मुठीत जाणारी शेपटी सोयीची वाटते, पण भोकं पाडता यावीत म्हणून ती मुद्दाम मऊ केलेली असेल तर तो आकडा धारेबद्दल काहीच सांगत नाही.

तुमच्याकडची मोठी सपाट ऐरण पात्यांसाठी वाईट निवड आहे. पाणी दिलेलं पातं कधीच पूर्ण सपाट नसतं, पाव मिलिमीटरचा बाक डोळ्याला दिसतही नाही. मोठ्या ऐरणीवर बाक वर करून ठेवलं की मध्ये पोकळी राहते, भाराखाली पातं स्प्रिंगसारखं दबतं आणि काही मायक्रॉन तिथेच जातात. मध्ये पाच-सहा मिलिमीटरचा उंच, सपाट खुंटा असलेली छोटी ऐरण मिळते, स्पॉट ऐरण. ती घ्या, आणि पात्याची फुगीर बाजू खाली ठेवून नेमक्या त्या खुंट्यावर टेकवा, म्हणजे इंडेंटरच्या बरोबर खाली आधार येतो. लांब पात्याचं बाहेर लोंबणारं टोक डाव्या हाताने नुसतं तोलून धरा. दाबू नका, उचलू नका. टेम्पर न केलेलं, वाकडं पातं असेल तर आणखी जपून, दीडशे किलोखाली ते तडकू शकतं. चष्मा लावा.

दोन्ही बाजू घासलेल्या हव्यात. वरची बाजू सगळे घासतात, खालची विसरतात. खाली भट्टीतली काळी खपली असेल तर ती भाराखाली चुरडते, आणि चुरडण्याची खोलीही डायल मोजतं. मी दोन्हीकडून २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासतो आणि टेस्टच्या जागी ४०० मारतो. वरच्या बाजूला खपलीखाली आणखी एक चोर बसलेला असतो: कार्बन उडालेला थर. हवेत तापवलेल्या पात्याच्या पृष्ठभागातला कार्बन जळतो आणि वरचे एक-दोन दशांश मिलिमीटर मऊ राहतात. शंकू जातो ०.०८ मिमी, म्हणजे तुम्ही फक्त त्या सालीचीच परीक्षा घेताय.

हे बघायचं असेल तर एकदा मुद्दाम करून बघा. भट्टीतून आलेल्या, टेम्पर केलेल्या पात्याची खपली नुसती पुसून टेस्ट घ्या. मला ५२ मिळाले होते, कानसही थोडी चावत होती. मग त्याच जागेजवळ पाण्यात बुडवत बुडवत ०.१ मिमी घासलं, ५७. आणखी ०.१ घासलं, ६०.५. आणखी घासलं, ६०.५ च. आकडा वाढायचा थांबला तिथे खरं पोलाद सुरू झालं. घासताना पातं हाताला चटका देईल इतकं तापू द्यायचं नाही, नाहीतर टेम्परिंग तुम्हीच दुसऱ्यांदा करून बसाल आणि आकडा खरोखरच खाली येईल.

खळग्यांमधलं अंतर: साठीच्या कडकपणाला खळगी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी कमी रुंद असते. दोन खळग्यांच्या मध्यांत तीन व्यास, कडेपासून अडीच व्यास, हा नियम. हिशोब करत बसण्यापेक्षा सगळीकडे तीन मिलिमीटर सोडा. आणि आधी खळगी पाडलेली बाजू खाली करून त्याच जागी वरून टेस्ट घेऊ नका.

टेस्ट घेताना चाक सावकाश फिरवा, छोटा काटा खुणेवर येईपर्यंत. खुणेच्या पुढे गेलात तर चाक उलटं फिरवून परत खुणेवर आणायचा मोह होतो. नको, तो प्राथमिक भार बिघडला. पातं सरकवून नवी जागा घ्या. मग डायलची कडी फिरवून मोठा काटा सीच्या शून्यावर, दांडी सोडा, काटा थांबू द्या, दांडी परत आणा, आणि आता काळ्या आकड्यांवर वाचा. भार वर असतानाच वाचणं आणि लाल आकडे वाचणं या दोन चुका प्रत्येक जण एकदा करतोच.

मिळालेल्या आकड्याचं करायचं काय? माझ्या मते टेस्टरचा सगळ्यात मोलाचा उपयोग टेम्परिंगच्या आधीचा आहे, आणि बरेच जण तो आकडा घेतच नाहीत. ८१५ अंशांच्या आसपास थोडा वेळ तापत ठेवून, वेगवान तेलात बुडवलेल्या १०८४ ने टेम्परिंगआधी ६४-६५ दाखवायला हवेत. तिथेच ६० आले तर टेम्परिंग कमी करून ६० राखणं म्हणजे अर्धवट पाणी दिलेलं पातं लपवणं. १०८४ ला खोलवर पाणी चढत नाही. तेल संथ असेल आणि पाठ सहा मिलिमीटर जाड असेल तर धारेकडे ६४ आणि मुठीलगत ५५ असं खरोखर होतं. एईबी-एल, ४४०सी, डी२ अशा मिश्र पोलादांत उलटं कोडं असतं: तापमान जास्त झालं तरी आकडा पडतो, कारण ऑस्टेनाइट, म्हणजे तापलेल्या पोलादाची मऊ रचना, न बदलता शिल्लक राहतं. दोन्हीकडे आकडा कमीच, पण उपाय विरुद्ध. त्यामुळे एक आकडा बघून भट्टीचं बटण फिरवू नये. तापमान तीन टप्प्यांत बदलून तीन तुकडे करावेत, मग आकडा कुठल्या दिशेने चढतो ते दिसतं.

तुकड्यांचं म्हणाल तर त्याच पट्टीतून कापलेला, त्याच जाडीचा बोटभर तुकडा मी प्रत्येक पात्यासोबत भट्टीत घालतो. खळग्या त्यावर पाडतो, पातं स्वच्छ राहतं. शेवटी तो शिकंजात धरून मोडतो आणि मोडलेला भाग बघतो. राखाडी, मखमली दिसला तर दाणा बारीक. साखरेसारखा चमकला तर दाणा फुगलाय, म्हणजे पातं ठिसूळ, आणि टेस्टर तरीही खुशाल ६१ दाखवेल. चिवटपणा या यंत्राला कळत नाही.

तीन थरांच्या पात्यात, म्हणजे बाहेर मऊ लोखंड आणि मध्ये धारेचं पोलाद, बाजूने टेस्ट घेतली तर आकडा बाहेरच्या लोखंडाचा मिळतो. मधल्या पोलादाचा सुटा तुकडाच सोबत ठेवावा लागतो. पाठीला मातीचा लेप लावून फक्त धार कडक केली असेल तर पाठीचा आकडा गैरलागू. वेगवेगळ्या पोलादांचे थर जोडून केलेल्या दमास्कसमध्ये शंकू कुठल्या थरावर पडला त्यावर एक-दोन पॉइंट इकडेतिकडे होणारच.

कुणी तुम्हाला या सगळ्यापेक्षा ठोका मारून उसळी मोजणारा, हातात मावणारा टेस्टर घे म्हणेल. नेहमीच्या डी प्रकाराला आधाराशिवाय पाच किलोचा तरी तुकडा लागतो. दोनशे ग्रॅमचं पातं त्याच्या ठोक्यानेच थरथरतं. तो मोठ्या साच्यांसाठी ठेवा.

तर तुमच्या ५४-६१ च्या पात्याचं असं करा. ऐरण आणि इंडेंटर पुसून बसवा, ब्लॉकवर पसारा एका पॉइंटात आणा. पात्याच्या दोन्ही बाजू ०.२-०.३ मिमी थंड ठेवत घासा. कागदावर पात्याची बाह्यरेषा काढा आणि सपाट भागावर मुठीकडून टोकाकडे, पाठीकडून धारेकडे, दहा-बारा जागी टेस्ट घेऊन प्रत्येक आकडा कागदावर त्याच जागी लिहा. मग एका जागेच्या शेजारी तीन-तीन मिलिमीटरवर आणखी तीन घ्या. शेजारचे तिन्ही जुळले आणि कमी आकडे एकाच भागात, बहुधा जाड भागात, गोळा झाले, तर टेस्टर खरं बोलतोय आणि तेल किंवा तापमान बघायला हवं. शेजारचेच एकमेकांशी भांडत असतील तर भट्टी तशीच राहू द्या आणि स्पॉट ऐरण मागवा.